नाकेदाराची सरस टोपी

"पैज लावा. ही गोष्ट तुमच्यातला एकही जण खरी मानणार नाही," म्हातारा युराया स्टँटन म्हणाला. "मानलीत तर आजची सफरचंदाची सायडर माझ्या पैशानं. नाही मानलीत, तर माझी तुमच्या."

पुलाच्या फळ्या बदलायचं काम चाललं होतं. नदीच्या अलीकडे, ऱ्होड आयलंडात, अडकलेली माणसं दुपारपासून खानावळीत बसून होती. पलीकडचं कनेटिकट दिसत होतं, पण जाता येत नव्हतं. एक गुरांचा व्यापारी, दोन विणकर भाऊ, आणि शेगडीजवळ मोजा विणत बसलेली डॉर्कस कॉग्शल. डॉर्कस क्वेकर पंथाची. ती माणसं पैज लावत नाहीत, म्हणून तिनं मान वर केली नाही. युरायानं आयुष्यभर हा पूल राखला होता. पुलाखालून पाणी जास्त वाहिलं की त्याच्या तोंडून थापा, यावर गावात दोन मतं होती.

त्यानं काठी उचलून दाराशेजारची खुंटी दाखवली. खुंटीवर एक काळी, आकसलेली टोपी लटकत होती.

"हीच ती. बॅग्नल नाकेदाराची. वास घ्यायचा असेल तर जेवणाआधी घ्या."

गुरांचा व्यापारी उठला. त्यानं टोपीत नाक घातलं, आणि घातलं तसं बाहेर काढलं.

"मेलेला बोकड," तो म्हणाला.

"बोकड नव्हे," युराया म्हणाला. "लंडन." आणि त्यानं गोष्ट सुरू केली.

जाबेझ सिसन हा अलीकडच्या काठावरचा टोपीवाला. देवानं माणसांना नाकं वाटली तेव्हा इतरांना चष्मा टेकवण्यापुरती दिली आणि जाबेझला कुत्र्याची दिली. तळघरातलं सफरचंद कुजायच्या आदल्या दिवशीच त्याला कळे. चर्चमध्ये बसल्या बसल्या कुणी कुठल्या दिवसापासून सदरा बदललेला नाही हे तो सांगू शके, आणि म्हणून त्याच्या शेजारी कुणी बसत नसे.

असल्या नाकाच्या माणसानं टोपीवाला व्हावं हा दैवाचा चावटपणा. टोपी म्हणजे बीव्हरची, ओढ्यात बांध घालणाऱ्या त्या केसाळ प्राण्याची, लव. पिंजारी कापूस पिंजतो तशी ती धनुकलीनं पिंजायची, तिचा पातळ थर ओला करून, दाबून, मळून नमदा बनवायचा, आणि तो नमदा कढत पाण्यात बुडवून बुडवून आवळायचा. तांब्याची ती कढई म्हणजे जाबेझचं सगळं घरदार. बापानं तिच्यात टोप्या केल्या, जाबेझ करत होता. रुंद एवढी की त्यात डुकराचं पिल्लू पोहावं. कढईत काय गुलाबपाणी नसे. दारूचा गाळ असे, आणखी एक पदार्थ असे जो रोज सकाळी याच खानावळीतून बादलीनं जाई, आणि तो कुठून येई हे विचारायचं कारण नाही. पण जाबेझ म्हणे, "ही घाण माझ्या ओळखीची आहे. नाव-गाव माहीत असलेल्या घाणीची किळस येत नाही."

त्याला किळस यायची ती लंडनच्या टोपीची.

कारण ती कशाची बनते हे त्याला ठाऊक होतं. लंडनवाल्यांना ताजं कातडं नको असे. त्यांना हवं असे वापरलेलं. वर उत्तरेला, बर्फाच्या मुलखात, शिकारी माणसं बीव्हरच्या कातड्याचा झगा करून लव आतल्या बाजूनं अंगाला लावून घालतात. एक हिवाळा, दुसरा हिवाळा, त्यातच झोपतात, त्यातच धावतात, अस्वलाची चरबी अंगाला फासून त्यातच घाम गाळतात. वरचे राठ केस झडतात आणि घाम पिऊन पिऊन आतली लव लोण्यासारखी होते. तो झगा सुरी-आरशाच्या मोबदल्यात उतरवून घ्यायचा, गलबतात कोंबायचा, लंडनला न्यायचा आणि त्याची टोपी करायची. ज्या शिकाऱ्याला हे साहेबलोक दारात उभं करणार नाहीत, त्याची काख ते डोक्यावर घेऊन राजदरबारात जातात.

"शिकाऱ्याच्या घामाची मला घाण वाटत नाही," जाबेझ म्हणे. "घाम सगळ्यांना येतो. पण तो घाम आमच्या मुलखातला, ती लव आमच्या ओढ्यातली, आणि टोपी होऊन परत आली की चौपट भाव. वर सांगतात, ही घे, तुझ्या डोक्याला शोभा येईल."

लोकरीचं तेच, लोखंडाचं तेच. कच्चं इकडून जायचं, पक्कं तिकडून यायचं. तरी टोप्यांपुरतं ठीक चाललं होतं. जाबेझ आपल्या ओढ्यातल्या बीव्हरच्या टोप्या करी आणि पूल ओलांडून पलीकडे विकी. गिऱ्हाईक सगळं पलीकडेच. अलीकडच्या काठावर डोकी कमी, आणि आहेत ती काटकसरी.

मग लंडनच्या राजाचा कायदा आला. एका वसाहतीत केलेली टोपी दुसऱ्या वसाहतीत न्यायची नाही. गलबतातून नाही, गाडीतून नाही, घोड्यावरूनही नाही. आणि कायद्याबरोबर आला मि. बॅग्नल.

सगळे त्याला नाकेदार म्हणत, कारण तो पुलाच्या नाक्यावर बसे. खरं म्हणजे त्याचं नाक कामातून गेलेलं होतं. तपकीर ओढून ओढून आत काही उरलंच नव्हतं. समोर शेण असो की लोणी, त्याला सारखंच. लंडनहून येताना त्यानं टोप्यांच्या दोन मोठ्या पेट्या आणल्या होत्या आणि त्या तो पलीकडच्या काठावर आपल्या मेव्हण्याच्या दुकानात विकत असे. म्हणजे जाबेझची टोपी पुलावर अडवायची आणि पुलाच्या टोकाला आपली विकायची. तो याला राजसेवा म्हणे.

पहिल्याच दिवशी त्यानं जाबेझची हातगाडी अडवली.

"उलट फिरव. टोप्या पलीकडे जाणार नाहीत."

"साहेब, त्या काठावर माझी सख्खी बहीण राहते. हा पूल म्हणजे आमचं अंगण."

"अंगण असेल. पण अंगणाच्या मधून हद्द जाते." बॅग्नलनं चिमूटभर तपकीर ओढली. "हे बघ, इंग्लंड तुमची आई आहे. तुम्ही लेकरं. आईनं करायचं, लेकरांनी घ्यायचं. लेकरंच सगळं करायला लागली तर आईनं काय करावं?"

"आई दूध पाजते, साहेब. ही दूध काढून नेते आणि आम्हालाच ताक विकते."

"मग गवळण समज."

"गवळण आधी चारा तरी घालते."

बॅग्नलला हसू आलं नाही. जाबेझच्या नाकात मात्र काहीतरी गेलं. साहेबाच्या डोक्यावरच्या चकचकीत लंडनी टोपीतून एक वास येत होता. कुबट, गोडसर, आंबलेला. तो दोन पावलं मागे सरला.

"डोक्यावर घालून गेलो तर?" त्यानं लांबूनच विचारलं.

"डोक्यावर असेल तो कपडा. हातात असेल तो माल. कपड्याला माझी हरकत नाही."

आता हे वाक्य बॅग्नलनं बोलायला नको होतं, आणि बोललाच तर आसा कॉग्शल शेजारी उभा असताना नको होतं.

आसा हा पिठाच्या चक्कीचा मालक, जाबेझचा शेजारी, आणि पक्का क्वेकर. नदीच्या अलीकडे निम्मा गाव क्वेकर होता. या मंडळींचे तीन हट्ट. देवाची प्रार्थना सोडली तर कुणापुढे टोपी काढायची नाही, मग समोर गव्हर्नर असो. सगळ्यांना अरे-तुरे करायचं, राजा भेटला तर त्यालाही. आणि शपथ म्हणून घ्यायची नाही, कारण खरं बोलणाऱ्याला शपथ कशाला लागते. बॅग्नलनं आल्या आल्या आसाला टोपी काढायला लावायचा प्रयत्न केला होता. दोघं पुलाच्या मधोमध समोरासमोर उभे राहिले. मागे गुरं तुंबली. शेवटी एका म्हशीएवढ्या गाईनं साहेबाला शिंग लावलं तेव्हा तो बाजूला झाला. त्यानंतर क्वेकरांच्या टोपीच्या वाटेला तो गेला नव्हता.

संध्याकाळी जाबेझ चक्कीवर गेला.

"आसा, तुमची मंडळी दर आठवड्याला प्रार्थनेला पलीकडे जाते ना?"

"जाते. तू येणार का?"

"मी नाही. माझ्या टोप्या येतील. एकात एक अशा तीन बसतात. बाहेरून फक्त उंची वाढते."

आसानं पिठाची बोटं झाडली. "मी खोटं बोलणार नाही, जाबेझ. त्यानं विचारलं तर आहे ते सांगेन."

"तो विचारणार नाही."

"मग मीही सांगणार नाही. न विचारलेल्याचं उत्तर देणं हा बडबडेपणा होईल."

झालं. क्वेकर मंडळी जाताना उंच जाऊ लागली आणि येताना बुटकी येऊ लागली. त्यांच्या बायका म्हणत, प्रार्थनेनं माणूस नम्र होतो तो असा. पलीकडच्या काठावर जाबेझच्या टोप्या पुन्हा दिसू लागल्या आणि मेव्हण्याच्या दुकानात लंडनच्या पेट्यांवर धूळ बसली. जाबेझ रोज कढई पेटवी, आणि कढईच्या ओळखीच्या घाणीत त्याला सुखाची झोप येई.

पण मेव्हणा रडला, तेव्हा बॅग्नलनं डोळे उघडले. नाक नसलं तरी डोळे होते. पुढच्या आठवड्यात आसा पुलावर आला तसा बॅग्नल आडवा झाला.

"कॉग्शल, तुझ्या डोक्यावर किती टोप्या आहेत?"

दुसऱ्या कुणी एक म्हटलं असतं. हसून पुढे गेला असता. पण आसा क्वेकर होता.

"तीन, बॅग्नल मित्रा," तो म्हणाला. "तू विचारलंस ते बरं झालं. मान दुखायला लागली होती."

त्याच दुपारी बॅग्नल जाबेझच्या कामाच्या खोलीत आला आणि त्यानं कढईच्या दोन्ही कानांतून दोरी ओवून लाखेचं सील ठोकलं. खाली विस्तव करायचा नाही, आत थेंब टाकायचा नाही. पुढच्या मंगळवारी बॉस्टनहून थोरले साहेब येतील. त्यांच्यासमोर मी शपथेवर गुन्हा सांगेन, आणि कढई त्यांच्याच गाडीतून जाईल. तिच्यातून राजाच्या नौदलाला खिळे होतील, असंही तो म्हणाला. तांब्याचे खिळे इकडे परत विकायला येतील, हे जाबेझला सांगावं लागलं नाही.

जाबेझ त्या थंड कढईशेजारी बसून राहिला. सील लावताना साहेब वाकला होता, आणि तो वास खोलीत तसाच राहिला होता. शेणाला शेणाचा वास येतो, माशाला माशाचा. हा मात्र कशाचाच नव्हता आणि सगळ्याचा होता. जाबेझनं दोन्ही खिडक्या उघडल्या. मग दारही काढून ठेवलं. तरी त्या रात्री त्याला मक्याची भाकरी घशाखाली गेली नाही. कढई गेली तर दुसरी करून द्यायला या मुलखात तांबट नव्हता. लंडनहून मागवावी लागली असती, आणि टोपीवाल्याची कढई लंडन कशाला पाठवील?

आता गंमत बघा. सोमवारी सकाळी बॅग्नल पुन्हा दारात. या वेळी टोपी हातात.

"थोरले साहेब उद्या येतायत. नदीच्या दमटपणानं हिची कड पडली आहे. ताठ करून दे."

"मी?"

"दुसरा टोपीवाला आहे का इथे?"

"तुम्ही त्याची कढई बांधून ठेवलीत, साहेब."

"सरस लावायला कढई लागत नाही. आणि पैसे मागू नकोस. हे राजाचं काम आहे."

साहेब दारातच तपकीर ओढत थांबला. जाबेझनं टोपी घेतली, खिडकीशी नेली आणि आतली रेशमी पट्टी उलटी केली. केली, आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर ओकला.

ती टोपी नवी नव्हती. चकाकी वरून लावलेल्या काळ्या रंगाची होती. पट्टीखाली चिकट, पिवळसर थर बसला होता, नखानं खरवडला तर मेणासारखा निघेल असा. त्यात जाबेझच्या नाकानं एकेकाला ओळखलं. सगळ्यात वर बॅग्नलची तपकीर. त्याखाली कुण्या खानसाम्याचं मटणाचं तेल. त्याखाली त्याच्या धन्याची केसांना लावायची उग्र चरबी, लवंगेचा वास मारलेली, कारण आत खरूज झाली होती. पट्टीच्या शिवणीत लिखांची रांग, मोत्यांच्या सरीसारखी. आणि सगळ्यांच्या तळाशी, शांत, दोन हिवाळ्यांचा शिकाऱ्याचा घाम. त्या सगळ्या ढिगात तेवढा एकच वास स्वच्छ होता.

म्हणजे लंडनचा धनी घालून विटला, त्यानं नोकराला दिली, नोकरानं भंगारवाल्याला विकली, भंगारवाल्यानं रंगवली, आणि मग ती पेटीत बसून वसाहतीत नवी म्हणून आली. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर, असं नुसतं म्हणतात. इथे एका साम्राज्यानं ते गलबतं लावून केलं होतं. आणि ही विकत घ्यावी म्हणून जाबेझची कढई बांधायची. अख्ख्या मुलखाला टोपी घातली होती, तीही वापरलेली.

"काय झालं?" बॅग्नलनं विचारलं.

"काही नाही. लेकराला आईची आठवण झाली."

त्यानं सरस विरघळवला. खुरांचा आणि माशांच्या कातडीचा, चांगला घट्ट. आतून बाहेरून कुंचल्यानं फासला, हातभर लांब धरून, तोंडावर फडकं बांधून.

"दोन दिवस वाळायला हवी, साहेब. ओली घातलीत तर डोक्याच्या उबेनं सरस उतरेल."

"उद्या सकाळी घालणार."

"दोन दिवस म्हणतो मी."

"आणि मी उद्या म्हणतो."

"बरं," जाबेझ म्हणाला. "मी सांगितलं. आसा साक्षीला असता तर बरं झालं असतं."

मंगळवारी ऊन असं पडलं की नदीतली मासळी सावली शोधत होती. बॅग्नल सकाळपासून टोपी घालून पुलावर उभा. टोपी अशी ताठ की तिच्या कडेवर कावळा बसला असता तर घसरला असता. दुपारी थोरल्या साहेबांची गाडी आली. मोठा माणूस, मोठं पोट, बरोबर एक कारकून, हातात बायबल. पुलाच्या कडेला क्वेकर मंडळी उभी, टोप्या डोक्यावर. थोरल्या साहेबांनी त्यांच्याकडे पाहून नाक मुरडलं आणि मग बॅग्नलकडे पाहिलं. बॅग्नलनं वाकून टोपीला हात घातला.

टोपी आली नाही.

त्यानं पुन्हा ओढली. टोपीबरोबर भुवया वर गेल्या.

"बॅग्नल," थोरले साहेब म्हणाले, "मी समोर उभा आहे."

"दिसतंय, हुजूर. निघत नाही."

"या लोकांचीही निघत नाही. मला वाटलं होतं तुझी निघेल."

"तसं नाही, हुजूर, ही चिकटली आहे." त्यानं दोन्ही हातांनी ओढली. मागून शिपायानं ओढली. कानांमागची कातडी ताणली तसे त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. थोरल्या साहेबांनी स्वतः पुढे होऊन कडेला हात घातला आणि एक झटका दिला. बॅग्नल कळवळला, आणि कळवळणारा माणूस आदर विसरतो.

"अरे हळू," तो ओरडला. "तुझं डोकं असतं तर कळलं असतं तुला."

खाली नदी थांबली असेल. थोरल्या साहेबांनी हात मागे घेतला.

"तुला," ते म्हणाले. "तुझं. असं आहे तर."

"हुजूर, तोंडातून गेलं."

"जे आत असतं तेच जातं. टोपी काढायची नाही, वरिष्ठाला अरे-तुरे करायचं. राहू दे. ज्या कामाला मी आलो ते करू. कढईचा गुन्हा शपथेवर सांग."

कारकून बायबल घेऊन पुढे आला आणि थबकला. "हुजूर, डोकं उघडं असल्याशिवाय शपथ चालत नाही."

"शपथ कशाला हवी?" बॅग्नल घायकुतीला येऊन म्हणाला. "मी सांगतो ते खरं आहे. माझा शब्द पुरेसा नाही का?"

तिसरा हट्टही पुरा झाला. थोरले साहेब आसाकडे वळले.

"काय रे, हा तुमच्यातला आहे का?"

आसा कॉग्शलनं बॅग्नलला टोपीपासून जोड्यापर्यंत न्याहाळलं. जाबेझ आसाच्या मागेच उभा होता. आसानं एक सरळ नाही म्हटलं असतं तर जाबेझची कढई गाडीत चढली असती, आणि आसा सरळ बोलणारा होता. पण क्वेकरांच्या पोटात एक आणखी गोष्ट असते, आणि ती त्यांना खरीच वाटते.

"देवाचा प्रकाश प्रत्येक माणसात असतो, मित्रा," आसा म्हणाला. "याच्यातही असणार. इतके दिवस दिसला नव्हता एवढंच. आज थोडा दिसला."

"म्हणजे आहे," थोरले साहेब म्हणाले. "कारकून, लिहून घे. शपथ न घेणाऱ्याला राजाच्या नोकरीत ठेवता येत नाही. आणि गुन्ह्याची शपथ नाही, म्हणजे गुन्हा नाही. सील तोडा. मला जेवायचं आहे."

सील तुटलं. जाबेझनं कढईला हात लावून पाहिला. मग बॅग्नल त्याच्या दारात आला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"सिसनराव, कशानं सुटेल ही?"

"कढत पाण्यानं सरस सुटतो. पण कढत पाण्यानं नमदा आवळतो. आधी काय होईल ते सांगवत नाही. आणि एवढी रुंद कड बुडेल असं भांडं गावात एकच आहे."

"पेटव."

"आतला माल ओळखीचा आहे, साहेब. तुमच्या ओळखीचा नाही."

"पेटव म्हणतो ना."

पेटवली. माल ऊन झाला तसा वर वाफेचा ढग आला, पिवळा, डोळे चुरचुरवणारा. तो आठवडाभर बंद पडून दुप्पट मुरला होता. बॅग्नल गुडघ्यावर बसला, वाकला आणि त्यानं कपाळापर्यंत डोकं कढईत घातलं. ती वाफ त्याच्या नाकात गेली आणि तिथल्या तपकिरीच्या राखेतून आरपार शिरली. इतक्या वर्षांचं बंद नाक मोकळं झालं.

त्यानं आधी कढईचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग सरस सुटू लागला आणि टोपीचा वास आला. तपकीर, तेल, खरूज, लवंग. आपण जे रोज डोक्यावर घेत होतो आणि पलीकडच्या लोकांना भावानं विकत होतो ते काय आहे, हे त्याला एका श्वासात कळलं. तो असा ओकला की जाबेझला कढईची काळजी वाटली.

"हे," तो श्वास घेत म्हणाला, "हे मी विकलं?"

"दोन पेट्या," जाबेझ म्हणाला.

"आणि लोकांनी डोक्यावर घेतलं?"

"दुसरं काही तुम्ही पलीकडे जाऊ दिलं नाहीत."

सरस सुटला खरा, पण तोवर नमदा आवळला होता. टोपी भुवयांपर्यंत बसली ती बसलीच, कवटीला कवटी लावल्यासारखी. सुरीनं कापायला गेलं तर रक्त येई. जाबेझनं हात धुतले, पुन्हा धुतले, आणि त्या दिवसापासून त्यानं स्वतः कधी टोपी घातली नाही. टोप्या करी, पण बोडक्या डोक्यानं हिंडे. कायदा तसाच राहिला. पानगळीला नवा नाकेदार आला, तोही पेट्या घेऊनच. लंडनमध्ये टाकलेल्या टोप्यांना काय तोटा.

बॅग्नल मात्र परत गेला नाही. टोपी न काढणाऱ्या माणसाला लंडनमध्ये कोण उभं करणार? क्वेकरांनी त्याला सांभाळलं. तो त्यांच्या सभेत मागच्या बाकावर बसे, नाकाला रुमाल लावून, कारण आता त्याला सगळं कळत होतं आणि सगळ्यात जवळची घाण त्याच्याच डोक्यावर होती. वर्षांमागून वर्षं गेली. कुणालाच ती काढता आली नाही, ना वैद्याला, ना लोहाराला. तो मेला तेव्हाही ती डोक्यावरच होती. आसानं आपल्या चक्कीमागे त्याला पुरला, टोपीसकट, आणि आजही तिथे गवत उगवत नाही.

युरायानं रिकामा पेला पुढे सरकवला. गुरांच्या व्यापाऱ्यानं मान हलवली. धाकटा विणकर हळूच आपल्या टोपीच्या आत वास घेऊन पाहत होता.

शेगडीजवळच्या सुया थांबल्या. डॉर्कस कॉग्शलनं मोजा मांडीवर ठेवला आणि दाराकडे पाहिलं.

"युराया मित्रा," ती म्हणाली, "माझ्या बापानं त्याला टोपीसकट पुरला, तर मग ती खुंटीवर लटकतेय ती कुणाची?"